इंदूकाकूंकडची ठेव

आई वॉकरसकट अडकली होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

"हसतीस काय? मागनं ओढ की जरा!"

मागून ओढायला जागाच नव्हती. मागे ढोल होता, पुढे व्यायामाची सायकल. डावीकडे खरं तर भिंत हवी, पण आमच्या भिंतीला एक भलामोठा सागवानी दरवाजा टेकवून ठेवलेला होता, तोही चौकटीसकट. नवखा पाहुणा आला आणि त्यानं हात धुवायला कुठं जायचं असं विचारलं, की हमखास तोच दरवाजा उघडायचा आणि भिंतीवर कपाळ आपटून परत यायचा.

शेवटी मी सायकलवर चढून पलीकडे उतरले आणि आईच्या हातातला वॉकर वरच्या वर उचलून घेतला. आई एका पायावर, त्या दरवाजाची कडी धरून उभी राहिली.

"बरं झालं, अण्णाप्पानं कडी पितळी बसवलीय," ती म्हणाली. "लोखंडी असती तर एव्हाना गंजून हातात आली असती."

ही गोष्ट जयसिंगपूरची, मी चाळिशीत होते तेव्हाची. आमचे अप्पा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. ते गेल्यावर आई त्या घरात एकटी राहायची, पण एकटी असं म्हणायला जीभ रेटत नसे, इतकं घर भरलेलं होतं. आणि गंमत अशी, की त्यातलं आमचं काहीच नव्हतं. आईचं स्वतःचं म्हणाल तर एक कपाट, एक कॉट आणि स्वयंपाकघरातली भांडी. बाकी सगळी ठेव लोकांची.

सायकल बाहुबली मगदूमची. मागच्या गल्लीत त्याचं खताचं दुकान. नाव बाहुबली आणि देहही नावाला साजेसा, फक्त देह जरा खालच्या बाजूला वाढलेला. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून त्यानं सायकल घेतली आणि त्याच्या बायकोनं, सुरेखानं, "एक तर ही घरात राहील, नाहीतर मी," असं सांगितलं म्हणून ती आमच्याकडे आणून ठेवली. ढोल रजाकभाई मुल्लाणींचा. त्यांचं बँडपथक होतं. त्यांच्या घराचा पत्रा गळायचा, म्हणून लग्नसराई संपली की ढोल आमच्या कोरड्या घरात यायचा. आणि दरवाजा अण्णाप्पाचा. अण्णाप्पा म्हणजे अप्पांच्या चुलतभावाचा मुलगा, उदगावला शेती करायचा. घर बांधायचं म्हणून त्यानं आधी दरवाजा करून घेतला, चांगला नक्षीचा. घर मात्र अजून व्हायचं होतं.

त्या ज्येष्ठात आई फोन घ्यायला घाईनं उठली, सायकलच्या पेडलमध्ये पाय अडकला आणि पडली. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर खोतांनी वॉकर दिला आणि म्हणाले, "काकू, आता रोज घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या. घर मोठं आहे ना?"

"मोठं आहे की," आई म्हणाली.

भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर ते खरंच होतं.

मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "पाय फिरता राहिला नाही तर आखडेल. मग यांना एकटं ठेवता यायचं नाही. तुम्हाला पुण्याला न्यावं लागेल."

मी पुण्याला एका विमा कंपनीत होते. रजा वाढवून घेतली आणि त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आतलं आमचं जैनांचं जेवण आटोपल्यावर, आईसमोर विषय काढला.

"एक तर हे सामान जाईल, नाहीतर तू पुण्याला येशील."

"पुण्याला? तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर? दिवसभर काय करू मी, लिफ्टचा आवाज ऐकत बसू?"

"मग सामान."

"सामान माझं आहे होय, द्यायला? लोकांची ठेव आहे ती. विश्वासानं ठेवलीय त्यांनी."

"लोकांची आहे म्हणूनच लोकांकडे जाईल."

यावर आई जपमाळ घेऊन बसली. तिला पटलं, असं मी धरून चालले. पोटच्या पोरीला तरी आई कळायला हवी होती, पण तेव्हा मला ती कळली नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी तिघांनाही फोन केले. तिघंही अतिशय गोड बोलले. बाहुबली म्हणाला, "नेतो की ताई, उद्याच टेम्पो घेऊन येतो. काकूंना माझ्या सायकलनं पाडलं, मला तर जेवण गोड लागेना." रजाकभाई म्हणाले, "तुम्ही सांगायची खोटी, वैजूताई." अण्णाप्पा तर म्हणाला, "आक्का, तू काळजीच करू नको. ट्रॅक्टरच घेऊन येतो बघ."

दुसरा दिवस उजाडला आणि कोणीच आलं नाही.

पुन्हा फोन केला. बाहुबलीची पाठ धरली होती. रजाकभाईंची मुलगी बाळंतपणाला यायची होती. अण्णाप्पा म्हणाला, अमावास्या तोंडावर आलीय, अमावास्येला दरवाजा हलवू नये म्हणतात.

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

अण्णाप्पा जरा घुटमळला. "म्हणतात आपलं."

अमावास्या झाली. बाहुबलीची पाठ बरी झाली तेव्हा त्याचा टेम्पोवाला आजारी पडला. रजाकभाईंची मुलगी आली, तिच्याबरोबर जावई आला, जावयासाठी खोली मोकळी करावी लागली. अण्णाप्पाला कोणीतरी सांगितलं, की चातुर्मासात दरवाजा हलवत नाहीत. घरात रोज सकाळी मी आईला दोन्ही काखांत धरून सायकलवरून पलीकडे काढत होते आणि वॉकर भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होता.

मग एके दिवशी दुपारी आई न्हाणीघरात गेली ती बाहेरच येईना. आतून नळाचा आवाज येत होता. गच्चीवरची टाकी रिकामी व्हायची वेळ आली, तसं मला धास्ती वाटली, आत पडली बिडली की काय. मी दाराला कान लावला.

"अरे, ते पाठीचं झालं की मागच्या वेळेला!" नळाच्या आवाजावर आवाज चढवून आई बोलत होती. "तेच तेच सांगून कसं चालेल? ती काय खुळी आहे व्हय, पुण्याला नोकरी करते ती. दुसरं काहीतरी सांग. ... नको, सासऱ्याला आजारी पाडू नको, सुरेखाला कळलं तर तुझं काय खरं नाही. ... हां, दुकानात तपासणी आहे म्हण. तेवढं चालेल. ... चातुर्मास? तो अण्णाप्पाला दिलाय मी. तू तपासणीच सांग."

मी दार वाजवलं. नळ बंद झाला. फोनही बंद झाला असावा. थोड्या वेळानं आई एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन दारात उभी राहिली.

"आंघोळ करत होतीस?"

"हो."

"कोरडी कशी मग?"

"पुसलं की."

"आई, आजारपणं तू वाटून देतीस लोकांना?"

आईनं कोरडा टॉवेल खांद्यावर टाकला. मान ताठ करून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन कॉटपर्यंत गेली, बसली आणि म्हणाली, "मी कुणाची वस्तू घराबाहेर काढणार नाही. लोक काय म्हणतील? इंदूकाकूंचा पाय मोडला तर त्यांनी आमचं सामान रस्त्यावर फेकलं."

"रस्त्यावर कोण फेकतंय? त्यांच्या घरी पाठवतोय आपण. आणि पाय त्यांच्या सामानानंच मोडलाय!"

"पाय माझा आहे."

"मग चल पुण्याला."

"मी येत नाही."

"मग मी उद्या टेम्पो बोलावते. आणि त्यांच्या दारात नेऊन टाकते सगळं."

त्या दिवशी चार वाजता आईनं चहा नाकारला आणि संध्याकाळी जेवणही. आमच्या उपासाच्या पर्वाला, पर्युषणाला, अजून बरेच दिवस होते. आईनं ते अलीकडे ओढून घेतलं होतं. मी पानात भाकरी वाढून तिच्यासमोर ठेवली, शेंगदाण्याची चटणी, वर दही, तिच्या आवडीचं. तिनं पान माझ्याकडे सरकवलं आणि जप सुरू केला.

"किती दिवस उपास?"

तिनं मणी ओढत, मान रस्त्याकडे हलवून, टेम्पोचा विषय आहे तोवर, असं सुचवलं.

सकाळी टेम्पो आला. टेम्पोवाला चांगला माणूस होता, हमाल बरोबर आणला होता. मी त्याला घेऊन घरात शिरले आणि दारातच थांबले. आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, बाहुबली सायकलवर बसला होता. रजाकभाई ढोलाशेजारी खुर्चीवर. आणि अण्णाप्पा त्याच्या दरवाजाला पाठ टेकून खाली बसला होता, मांडीवर टोपी ठेवून. मध्ये कॉटवर आई. तिघांच्याही हातात चहाचे कप होते. तो चहा त्या उपाशी बाईनं, मी टेम्पो बघायला कोपऱ्यापर्यंत गेले तेवढ्यात, एका पायावर उभं राहून केला होता.

"या," आई टेम्पोवाल्याला म्हणाली. "बसा. चहा घ्या."

आमच्याकडचा माणूस चहाला नाही म्हणत नाही. टेम्पोवाला बसला. हमालही बसला. मी एकटीच उभी.

"तुम्ही सगळे आलात, बरं झालं," मी म्हणाले. "सामान भरायला मदत होईल."

तिघांनी कपात बघितलं.

"बाहुबली, ही सायकल तू कधी चालवलीस शेवटची?"

"चालवतो की ताई. येतो ना मी, आठवड्यातनं दोनदा."

"येतोस. बसतोस. पेडल कधी मारलंस?"

बाहुबली विचारात पडला. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. सायकलचं पेडल तर मी आल्यापासून एकाच जागी होतं.

"बसलं की बोलण्यात वेळ जातो," तो म्हणाला. "दुकानात दिवसभर गिऱ्हाईक. घरी सुरेखा. इथं जरा ... काकू ऐकून घेतात."

"रजाकभाई, ढोल बघायला तुम्ही पावसाळाभर येता. काय बघता?"

"कातडं सैल पडतं ना, पावसाळी हवेनं. ताण बघावा लागतो." मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "इथं पडत नाही सैल. घर कोरडं आहे. पण बघावं लागतं."

"आणि अण्णाप्पा, तू?"

अण्णाप्पानं टोपी मांडीवरून उचलली, झटकली आणि पुन्हा मांडीवर ठेवली.

"आक्का, खरं सांगू? घर काय आता बांधून व्हायचं नाही. पोरगं बेळगावला गेलं, तिकडंच ऱ्हाणार म्हणतंय. आम्हाला दोघास्नी हाय ते घर मोप झालं. पर दार नेलं की गावातली माणसं इचारणार, कुठं बशीवणार हे? मग सांगायला लागतंय की न्हाई, की न्हाई बांधत म्हणून? इथं हाय तवर म्हणता येतंय, बांधायचं हाय, दार तयार हाय."

टेम्पोवाल्यानं बशीतला चहा आवाज न करता संपवला.

मला त्या क्षणी अण्णाप्पाचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण वॉकर अजून कोपऱ्यात होता आणि माझी रजा कधी ना कधी संपणार होती. मी टेम्पोवाल्याला म्हणाले, "दादा, सायकलपासून सुरुवात करा."

"थांबा," आई म्हणाली.

आमच्या भागातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. माझं ते पुण्यात नणंदांनी हसून हसून सोडवलं. आईचं कोण सोडवणार? ती कॉटवरून उठली, दोन्ही हातांनी कॉटचा कठडा धरला आणि म्हणाली,

"न्या. सगळं न्या. सायकल न्या, ढोल न्या, दार न्या. आणि मग मी इथं बसतो आणि बघतो, कोण येतंय ते."

"आई, असं काय ..."

"तुझे अप्पा होते तेव्हा हंगामात या घरात उभं राहायला जागा नव्हती. ऊस घालायला आलेली माणसं, काट्यावरची, गावाकडची. ते गेले. वर्षभर लोक आले. मग कमी झाले. मग एक दिवस असा गेला, की दूधवाल्याशिवाय कुणी दार वाजवलं नाही. मग अण्णाप्पा आला. काकी, दार ठेवू का म्हणाला. मी ठेव म्हटलं. त्याला दर महिन्याला तेल लावायला तो यायला लागला. तेल लावायला घटकाभर, आणि बोलायला दोन तास. तेव्हा मला उमजलं." तिनं श्वास घेतला. "माणूस नुसता येत नाही गं, वैजू. काहीतरी असायला लागतं त्याचं. तुझंच बघ. लग्न झालं तेव्हा तुझं कपाट इथं होतं, पुस्तकं होती, तू यायचीस. मग फ्लॅट झाला. टेम्पो आणलास आणि सगळं नेलंस. एक क्लिप ठेवली नाहीस मागं. त्यानंतर दिवाळी सोडून कधी आलीस सांग. आता आलीस ते माझा पाय मोडला म्हणून."

बाहुबलीनं नाक ओढलं. एवढा मोठा माणूस, सायकलच्या हँडलवर कपाळ टेकवून हुंदके द्यायला लागला. सायकल कुरकुरली. तिनं कधी नव्हे तो थोडा व्यायाम केला असेल तर तो त्या दिवशी.

"ए, रडू नको," आई त्याच्यावरच खेकसली. "वेल्डिंग निखळंल तिचं."

रजाकभाई सगळ्यांत आधी उठले. त्यांनी कप खाली ठेवला, ढोलाचा पट्टा खांद्याला अडकवला आणि आईसमोर उभे राहिले.

"काकू, ढोल नेतो मी."

"न्या."

"आणि शुक्रवारी नमाज झाल्यावर येतो."

"कशाला? ढोल तर नेलात."

"चहाला."

"नुसता चहाला?"

"नुसता चहाला."

"सगळे असंच म्हणतात," आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

त्या टेम्पोत मग सगळंच गेलं. सायकल सुरेखानं घरात घेतलीच नाही. तिनं दारातूनच टेम्पो परस्पर स्टँडजवळच्या व्यायामशाळेकडे पाठवला आणि बाहुबलीनं मान डोलावली. दरवाजा उचलताना अण्णाप्पा स्वतः पुढं होता. कडी खुळखुळू नये म्हणून त्यानं तिच्यात आपली टोपी कोंबली आणि डोक्यानं बोडका, तसाच टेम्पोच्या मागे दाराला धरून उभा राहून गेला.

घर रिकामं झालं. आवाज घुमायला लागला. इतकी वर्षं दरवाजामागे झाकलेल्या भिंतीवर लहानपणी माझी उंची मोजून अप्पांनी मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा निघाल्या. आईनं त्या बघितल्या, मीही बघितल्या. संध्याकाळी आईनं वॉकर मागितला आणि सोप्यात फेऱ्या मारायला सुरुवात केली. रागानं. प्रत्येक पावलाला वॉकर असा आपटायची, की शेजारच्यांना वाटलं, फरशी बदलायला घेतलीय. डॉक्टर खोत नंतर म्हणाले, इतक्या झपाट्यानं सुधारलेला पाय त्यांनी बघितला नव्हता. रागाचा पायाला इतका उपयोग होतो हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. रजाकभाई. स्वच्छ पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हातात काही नाही. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू चुकीच्या पत्त्यावर आलाय माणूस.

ते बसले. आईही बसली. मी चहा ठेवला. आणि मग दोघांनाही काय बोलावं ते कळेना.

इतके दिवस विषय ढोलाचा असायचा. ताण कसा आहे, दोरी कधी बदलायची, कुठल्या लग्नात कोण नाचलं. त्या आडून मग मुलगी, जावई, पत्रा, सगळं निघायचं. आता मध्ये ढोलच नव्हता. रजाकभाईंचे हात मांडीवर काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी खुर्चीच्या दांडीवर बोटांनी हलकेच ठेका धरला.

"ताण बरा आहे?" आईनं विचारलं.

"खुर्चीचा?"

"हो."

"बरा आहे," रजाकभाई म्हणाले. आणि दोघंही एकदम हसायला लागले. हसता हसता आईला खोकला आला, पाणी द्यावं लागलं. मग त्यांच्या नातवाचा विषय निघाला आणि तो संपेपर्यंत दोनदा चहा झाला.

बाहुबली मात्र आला नाही. आठवडा गेला, अजून एक गेला. आई रोज संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणायची, "बघ. म्हटलं होतं मी." मला आता पुण्याला निघायचं होतं आणि आईला अशी खिडकीशी सोडून जायचं जिवावर आलं होतं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते, तेवढ्यात वॉकरचा आवाज सोप्यातून अंगणात गेला, अंगणातून फाटकात. मी धावत बाहेर आले. आई चपला घालून रस्त्यावर उभी.

"कुठं निघालीस?"

"बाहुबलीकडं. तो येत नाही तर मी जातो. त्याचं दुकान काय लांब आहे?"

"चालवेल तुला?"

"रस्त्यात काय कुणाची सायकल ठेवलीय?"

मी मागं मागं गेले. खताच्या दुकानात बाहुबली गल्ल्यावर बसला होता. आई आत शिरली, वॉकर काउंटरला टेकवला आणि युरियाच्या पोत्यावर ऐसपैस बसली. बाहुबली इतका गोंधळला, की त्यानं तिलाच विचारलं, "काय देऊ?"

"शरम आहे का, ते बघ जरा आणि असली तर दे," आई म्हणाली. "दोन आठवडे झाले."

"काकू, मला लाज वाटली," बाहुबली म्हणाला. "सायकल नाही, आता कुठल्या तोंडानं येऊ? बसायचं तरी कशावर?"

"खुर्च्या आहेत की माझ्या घरात! पहिल्यांदाच दिसायला लागल्यात त्या."

आतून सुरेखा आली. तिनं आईला बघितलं, पोत्यावर बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "काकू, अहो तिथं काय बसलाय, आत या." आई आत गेली ती संध्याकाळचं जेवण करूनच बाहेर आली. घरी येताना मला म्हणाली, "सुरेखा वाईट नाही गं. उगाच तिला नावं ठेवत होतो आम्ही दोघं सायकलपाशी बसून."

अण्णाप्पाचं काय झालं, ते मला पुण्यात फोनवर कळलं. त्यानं तो दरवाजा नेऊन गोठ्याला बसवला. नक्षीचा सागवानी दरवाजा, पितळी कडी आणि आत दोन म्हशी. गावानं विचारायचं ते विचारलं. अण्णाप्पानं सांगितलं, "घर न्हाई बांधत. दार म्हशीस्नी दिलं." गाव दोन दिवस हसलं आणि मग दुसऱ्या विषयाकडं वळलं. त्यानं आईला दार बघायला म्हणून गाडी पाठवून उदगावला नेलं, जेवू घातलं, चार दिवस ठेवून घेतलं. आई फोनवर सांगत होती, "म्हशी दोन शेर दूध जास्त द्यायला लागल्यात म्हणतो. मला काय खरं वाटत नाही. पण दार शोभतं हां."

त्या वर्षानंतर मी आईला दुपारचे फोन करायचं सोडून दिलं. ती घरी नसायचीच.

पुढच्या मे महिन्यात एक दिवस सकाळी माझ्या पुण्याच्या दारात ती उभी. अण्णाप्पाचा मेव्हणा कामानिमित्त पुण्याला येत होता, त्याच्या गाडीतून आली होती. हातात काठी आणि एक जड पिशवी. पिशवीतून पितळी शेवयांचं यंत्र निघालं. ते तिनं माझ्या ओट्याच्या कडेला स्क्रू पिळून घट्ट बसवलं आणि तीन दिवस आमच्या चौथ्या मजल्यावर शेवयांचा हंगाम चालला. सोफ्याच्या पाठीवर शेवया, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर शेवया, नवऱ्याच्या टेबलावर धुतलेला पंचा आणि त्यावर शेवया. वारा यावा म्हणून तिनं दार उघडं ठेवलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, दारात येऊन म्हणाली, "अगंबाई, माझी आजी करायची असं!" आणि आत येऊन यंत्राचा दांडा फिरवायला बसली. तिचं नाव चित्रलेखा आहे, हे मला आईकडून कळलं.

चौथ्या दिवशी गाडी न्यायला आली. आईला खाली गाडीत बसवून मी वर आले, तर यंत्र ओट्यालाच. मी स्क्रू काढायला गेले, तो तिनं असा पिळला होता, की हलेना. तशीच पायऱ्या उतरत धावले. मेव्हण्यानं गाडी सुरू केली होती.

"आई, थांब! यंत्र राहिलं तुझं!"

आईनं काच खाली केली.

"राहिलं नाही," ती म्हणाली. "ठेवलंय."